मामांनी दिलेला निकाल

माझ्या बायकोच्या मामांना साधा प्रश्न विचारून साधं उत्तर मिळालेला माणूस अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या ॲन आर्बर शहरात सापडणार नाही. चहा घेणार का विचारलं, तरी म्हणतात, "नाही म्हणायचा हक्क राखून ठेवतो." नागपूरहून शिकायला आलेले मामा इथे वर्षानुवर्षं घटनेचा कायदा शिकवत होते; पुढे ते राज्याच्या वरच्या कोर्टात जज्ज झाले आणि आमचे हाल दुप्पट झाले. त्यांचा ध्यास एकच: मुलाची शाळा आईबापांनी निवडावी आणि सरकारने पैसा त्या शाळेला द्यावा, मग ती खाजगी का असेना. यावर त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिलं आणि आम्हाला ते दोनदा भेट दिलं. आमची लेक घराजवळच्या शाळेत जाते, म्हणून भर जेवणात उलटतपासणी! "ही शाळा तुम्ही निवडलीत, की ती नुसतीच जवळ होती?"

"आजोबा, कॅन आय जस्ट ईट?" लेक कळवळून म्हणाली.

"अर्ज मंजूर," म्हणून त्यांनी मला धरलं.

मग राज्याने अगदी तसाच कायदा केला आणि त्याविरुद्धचा खटला मामांच्याच कोर्टात आला. त्यांच्या जुन्या मित्रांनी पार्टीसाठी हॉलसुद्धा बुक केला. निकालपत्र मामांनीच लिहिलं: कायदा रद्द. खाजगी शाळेला सरकारी पैसा देता येणार नाही, असं राज्याच्या स्वतःच्या घटनेत स्वच्छ लिहिलं होतं. मित्रांचे फोन बंद झाले.

मी वैतागलो. "मामा, आयुष्यभर ज्यासाठी आमचं डोकं खाल्लंत, तेच कॅन्सल केलंत?"

"जावईबापू, कायदा मला आवडला होता. घटनेला नव्हता आवडला."

पुढे एकदा त्यांना घेऊन ग्रोसरीला गेलो होतो. भाजीपाशी एक बाई थांबल्या. "जज्जसाहेब, तुमचं पुस्तक वाचूनच मी त्या कायद्यासाठी दारोदार फिरले. त्या पैशावर माझा मुलगा खाजगी शाळेत गेला, रमला होता हो." आवाजात राग नव्हता, तेच वाईट. विजेच्या खांबाशीही वाद घालणारे मामा कोथिंबिरीची एकच जुडी उचलून परत ठेवत राहिले. बाई निघून गेल्या.

परतताना पुढची स्कूल बस थांबली, म्हणून मीही गाडी थांबवली. पोरं एकेक करून उतरली, बस निघून गेली. मामा अजून त्या पोरांकडेच बघत होते.

"निकाल बरोबरच होता," ते हळूच म्हणाले. मी गाडी सुरू केली तसे म्हणाले, "पण तिचा मुलगा आता कुठे जात असेल हो?"

मामांनी मला विचारलेला तो पहिलाच प्रश्न, ज्याचं उत्तर त्यांना आधीपासून माहीत नव्हतं.