गोष्टीला कौल

पेणपासून रोह्यापर्यंत देवाला घाबरणारी माणसं हवी तितकी मिळतील, पण लहान मुलांच्या गोष्टी आधी देवीला वाचून दाखवणारा आणि तिनं होकार दिला तरच पोरीला सांगणारा माणूस अख्ख्या जगात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझं पेणला शाळेच्या वह्या-पुस्तकांचं दुकान. दोन फळ्या गोष्टींच्या पुस्तकांच्या. वाघ, राजे, राक्षस, चेटकिणी असा सगळा संसार मी तिथं मांडलेला. लोक येत, चित्रं बघत आणि पुस्तक घेऊन जात. आमचे साडूबुवा रोह्याहून एस.टी.नं येत, चपला दुकानाबाहेर काढत, हात धुवायला पाणी मागत आणि मग काउंटरला टेकून एकेक पान असं वाचत, की गिऱ्हाइकांना वाटावं दुकानावर कुठली तरी तपासणी आली आहे.

ते रोह्याला केमिकलच्या कंपनीत होते. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, बालवाडीतलं पुस्तक आहे ते. त्यात काय एवढं बघायचं?" तर चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "कंपनीत टँकर आला की आधी सँपल लॅबला जातं, साडू. लॅबनं ओके दिल्याबिगर एक थेंब टाकीत घेत नाय. आणि पोरीच्या कानात काय वाट्टेल ते ओतायचं व्हय?" मी आपला पेन्सिली मोजत बसलो.

त्यांचे आक्षेपही ऐकण्यासारखे असत. राक्षस चालेल, पण राक्षसाला बायको-पोरं दाखवायची नाहीत, कारण मग त्याला मारलं की मुलं रडतात आणि देवावर रुसतात. कोल्हा लबाड असला तर शेवटी तो पस्तावलाच पाहिजे. राजा जंगलात गेला तर चालेल, पण शिकार केली तर तो दिवस एकादशीचा नव्हता, हे पुस्तकात स्पष्ट दिसलं पाहिजे. भुतांबद्दल ते स्वतःच गोंधळात असत. देव मानायचा म्हणजे भूतही मानावं लागतं, तेव्हा ते खोटं आहे असं सांगवत नाही, आणि खरं आहे म्हणावं तर पोर अंथरूण भिजवून ठेवते. एका वर्षी गणपतीची मूर्ती सांगायला आम्ही दोघं हमरापूरला गेलो. तिथं एका कारखान्यात सुबक मूर्ती होती, पायाशी उंदीर, उंदराच्या हातात लाडू. साडूबुवा थबकले. म्हणाले, "देवाच्या आधी हा कसा खातो?" रंगवणाऱ्यानं ब्रश कानावर ठेवला आणि शांतपणे सांगितलं, "काका, खात नाय तो. धरून बसलाय." एवढ्यानं यांचं समाधान झालं नाही. मूर्ती तीच घरी आणली, पण आरती होईपर्यंत त्या उंदराच्या हातावर चिमूटभर कापूस ठेवून त्यांनी लाडू झाकला होता, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

पण या माणसाला मी नुसता हसत राहू शकलो नाही, त्याला कारण आहे. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्यांचं घर रिकामं होतं. माझी मेहुणी, म्हणजे माझ्या बायकोची धाकटी बहीण, तोंडानं खळखळून हसायची, पण दुसऱ्याचं मूल मांडीवर घेताना दोन्ही हात आधी पदराला पुसायची. मग कुलदेवीला नवस बोलून ही पोर झाली. नाव काहीतरी छानसं ठेवलं होतं, पण घरात सगळे तिला बायच म्हणत. साडूबुवा मला एकदा एस.टी.ची वाट बघताना म्हणाले, "जिन्नस तिचा हाय, साडू. आपुन राखणदार. उद्या देवीनं विचारलं, माझ्या पोरीच्या कानात काय काय भरलंस, तर सांगता आलं पाहिजे ना?" त्यांच्या आवाजात भीती होती. पोर परत मागितली जाईल, अशी भीती. मग त्या उंदराच्या लाडवावरही मला धड हसू येईना.

म्हणून कौल. आमच्याकडं देवळात कौल लावतात, तसा यांनी घरच्या देव्हाऱ्यात लावला. देवीचा पितळी मुखवटा. त्याच्या दोन गालांवर पाण्यात बुडवलेल्या तगरीच्या दोन कळ्या चिकटवायच्या. मग गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत देवीला वाचून दाखवायची, हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि विचारायचं. देवीच्या उजव्या गालावरची कळी आधी पडली तर गोष्ट पास. डावी पडली तर पुस्तक माझ्याकडं परत. माझ्या दुकानात असे देवीनं नापास केलेले राजे-राण्या बरेच साचले होते आणि मी ते दुसऱ्यांच्या पोरांना बिनदिक्कत विकत होतो.

घोळ झाला तो मात्र माझ्यामुळंच. बाय सहा-सात वर्षांची असेल. श्रावणात आम्ही नवरा-बायको रोह्याला चार दिवस राहायला गेलो होतो. पोर माझ्या मांडीवर चढून बसली आणि मी आपली गडब गावच्या माझ्या आत्यानं सांगितलेली गोष्ट सुरू केली. एका गुरवाची मुलगी रोज देवीचा नैवेद्य घेऊन डोंगरातल्या देवळात जायची. एक दिवस देवळाच्या पायरीवर एक कुत्री पिल्लांना घेऊन पडलेली, बरगड्या मोजाव्यात अशी. पोरीनं इकडंतिकडं पाहिलं आणि सगळा भात कुत्रीपुढं ठेवला. रिकामं ताट घेऊन घरी आली. बापानं विचारलं, "नैवेद्य?" पोरगी म्हणाली, "देवीनं खाल्ला."

"थांबा," साडूबुवा दारातून म्हणाले. शिफ्ट संपवून आले होते, हातात डबा तसाच. "पुढचं कौल घेऊन."

मी म्हटलं, "अहो, संपतच आली."

"नैवेद्य कुत्र्याला. वर खोटं. वर देवीचं नाव." त्यांनी बोटं मोजली. "तीन झाले, साडू. आता एक अक्षर नाय."

मग त्यांनी माझ्याकडून ती गोष्ट पुरी ऐकून घेतली, बाहेर, पोरीच्या कानाआड. आंघोळ करून देव्हाऱ्यापुढं बसले, कळ्या लावल्या आणि देवीला जशीच्या तशी सांगितली. पण श्रावणातली हवा ती. भिंतींना ओल, कपड्यांना ओल. कळ्या चिकटल्या त्या चिकटल्याच. संध्याकाळ झाली, दुसरा दिवस उजाडला, कळ्या गालांवर सुकायला लागल्या, पण पडेनात. साडूबुवा नव्या लावत, पुन्हा गोष्ट सांगत, पुन्हा हात जोडत. देवी ना हो म्हणे, ना नाही.

इकडं बायनं घर डोक्यावर घेतलं. त्या गुरवाच्या पोरीचं पुढं काय झालं हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागेना. भाजी घेऊन येणाऱ्या बाईलाही तिनं अडवून विचारलं, "मावशी, बापानं पकडलं का गो तिला?" त्या बिचारीनं, कोणाला तरी पोलिसांनी धरलं असं समजून, टोपली खाली ठेवली. सगळ्यात वाईट म्हणजे पोरीला गोष्ट अर्धी मिळाली होती, आणि त्या अर्ध्या भागात नेमकं खोटं बोलणंच होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या ताटातली कारल्याची भाजी नाहीशी झाली. आईनं विचारल्यावर ती डोळे मोठे करून म्हणाली, "देवीनं खाल्ली."

साडूबुवांचा चेहरा पांढरा पडला. "बघा," मला म्हणाले, "बघा आता." जेवण टाकून उठले, डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओलेत्यानं देव्हाऱ्यापुढं बसले. आज निकाल लागल्याशिवाय उठायचं नाही, असं त्यांच्या पाठीवरूनच दिसत होतं. पोर दारात उभी, ओठ काढून. मी झोपाळ्यावर. वीज गेलेली होती. मेहुणी विणलेला पंखा घेऊन नवऱ्याला वारा घालायला बसली. साडूबुवांनी सगळी गोष्ट पुन्हा सांगितली, आवाज बसला होता, आणि डोळे मिटले.

मेहुणीनं एकदा पोरीकडं पाहिलं. मग जागा जरा बदलून ती देवीच्या उजव्या अंगाला सरकली आणि पंख्याचा एक असा सणसणीत हात मारला, की निरांजन फडफडलं आणि उजवी कळी टपकन ताम्हनात पडली. तिची-माझी नजरानजर झाली. मला वाटलं लाजेल, पण छे. पुन्हा नवऱ्याला हळूहळू वारा घालत ती म्हणाली, "अहो, डोळे उघडा. उजवा दिला."

साडूबुवांनी त्या कळीकडं पाहिलं. "मर्जी तिची," म्हणाले. मग पोरीला मांडीवर घेऊन त्यांनी पुढची गोष्ट सांगितली. गुरव "बरं" म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी त्यानं ताटात मूठभर भात जास्त वाढला. संपली गोष्ट.

"मारलं नाय?" बायनं विचारलं.

"नाय."

"मग बरं," म्हणून ती खेळायला पळाली, आणि पुढं कारलं कधी नाहीसं झालं नाही.

दिवस कसे गेले कळलं नाही. बाय लग्न होऊन पनवेलला गेली. माझं दुकान आता मुलगा चालवतो, गोष्टींची एक फळी मोबाइलच्या कव्हरांनी घेतली आहे. मेहुणी चालतीबोलती होती ती थोड्याशा दुखण्यानं गेली. त्यानंतर साडूबुवांनी कौल लावणं सोडलं. गोष्टीही सोडल्या. बायची मुलगी सुट्टीत यायची, आजोबांच्या भोवती घुटमळायची आणि कंटाळून टीव्हीपुढं जाऊन बसायची. बाय मला फोनवर म्हणाली, "काका, बाबा घरात असून नसल्यासारखे झालेत. तुम्ही तरी जा."

गेल्या श्रावणात गेलो. नात जवळ येऊन म्हणाली, "आजोबा, आईला सांगितलेली ती गुरवाची गोष्ट मला सांगा ना." मला वाटलं, साडूबुवा आता नाहीच म्हणतील. मग गुडघ्यावर हात देऊन उठले आणि म्हणाले, "आधी कौल."

"अहो, पास झालेली गोष्ट आहे ती," मी म्हटलं. "पुन्हा कशाला?"

"टँकर नवा, सँपल नवं."

तोच मुखवटा, तीच तगर, तीच ओल. त्यांनी गोष्ट सांगितली, हात जोडले, डोळे मिटले. कळ्या हलेनात. डोक्यावर विजेचा पंखा होता, पण तो त्यांनी बंद करायला लावला होता. नात एकदा माझ्याकडं, एकदा आजोबांकडं बघत होती. बऱ्याच वेळानं ते डोळे न उघडता म्हणाले, "साडू, देव्हाऱ्यामागं तिचा पंखा हाय. जरा वारा घाला."

मी पंखा काढला. कड उसवलेली होती. घालायला लागलो, तर म्हणाले, "असा नको. देवीच्या उजव्या अंगानं. ती तशीच घालायची."

माझा हात थांबला. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"वारा कानाला लागायचा ना माझ्या," ते म्हणाले. "दर वेळी."

मी पंखा हलवला. तिच्यासारखा एका हातात काही जमलं नाही, चार-पाच वेळा घालावा लागला, पण उजवी कळी पडली. साडूबुवांनी डोळे पुसले, नातीला मांडीवर घेतलं आणि गोष्ट सांगितली. कुत्री, पिल्लं, रिकामं ताट, देवीनं खाल्ला, बरं, आणि दुसऱ्या दिवशीचा मूठभर भात.

नात विचारात पडली. "पण आजोबा, ती खोटं बोलली ते गुरवाला कळलंच नाही?"

साडूबुवांनी माझ्या हातातला पंखा घेतला आणि त्याची उसवलेली कड बोटानं नीट बसवत राहिले.

"कळलं गो," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी कळलं. म्हणून तर भात जास्त वाढला."