साठीनंतर वजन नाही

व्यायामशाळेतल्या मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. छप्पन्न वर्षांचा गडी, दंड अजून शर्टात मावत नाहीत. दारावरची पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली: 'साठीनंतर वजन उचलू नये.' कशावरून, हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांना कसरत शिकवणाऱ्या उस्तादांनी सांगितलं, यांनी रंगवलं.

दहा वर्षांपूर्वी थोरली बहीण याच दारात आली होती. शिवणकाम करून तिनेच यांना लहानाचं मोठं केलेलं. म्हणाली, "धाकट्या, मलाही शिकव की. जिना चढताना पाय भरून येतात." मास्तर चारचौघांत खो खो हसले. "ताई, या वयात स्नायू वाढत नसतात, नुसते झिजतात. घरी बस, आराम कर." ताई बसली. आता हात दिल्याशिवाय तिला खुर्चीतून उठता येत नाही.

परवा व्यायामशाळेच्या मालकांनी मास्तरांना बळेबळे एका प्रशिक्षणाला धाडलं. शिकवायला एक तरुण डॉक्टरीणबाई. ही काय शिकवणार, म्हणून मास्तर हाताची घडी घालून बसले. बाई संशोधन सांगत गेल्या. वजन हलकं असलं तरी स्नायू वाढतो, फक्त शेवटचे दोन-तीन प्रयत्न जड गेले पाहिजेत. दुसऱ्या दिवशी अंग ठणकलं नाही म्हणून व्यायाम फुकट जात नाही. इथवर मास्तर मिशीत हसत होते.

"आणि वयाचं म्हणाल, तर नव्वदीतल्या माणसांच्या मांड्याही दोन महिन्यांच्या व्यायामाने भरल्यात. मोजून पाहिलंय. तीसेक वर्षांपूर्वीच छापून आलंय हे."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. म्हणजे ताई दारात उभी होती तेव्हा हे जगाला ठाऊक होतं आणि आपण दात काढत होतो. त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की पुढचं एक अक्षर कानांत शिरलं नाही.

तिथून ते थेट ताईकडे गेले. खुर्चीवर दोन उशा टाकून बैठक उंच केली, समोर टेबल ओढलं. "हात नुसते टेकव, जोर पायांवर. उठायचं, बसायचं." मास्तर मोजत होते. एक झालं, दोन झालं. तिसऱ्याला ताईचे गुडघे लटपटले आणि मास्तरांना राहवेना.

"ताई, मी चुकलो गं. तुझी दहा वर्षं मी वाया घालवली. तेव्हा हसायला नको होतं."

ताई दम खात म्हणाली, "हसलास त्याचं काही नाही रे. घरी येऊन मी गुपचूप सुरू केलंच होतं. शिवणाच्या त्या दोन लोखंडी इस्त्र्या हातांत घ्यायच्या आणि जिन्याची पहिली पायरी चढायची, उतरायची. जिना सोपा जायला लागला होता. मग एकदा तू आलास. म्हणालास, ही ओझी कशाला घरात? आणि दोन्ही भंगारवाल्याला देऊन टाकल्यास."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तू मास्तर ना. मला वाटलं, तुला जास्त कळतं."

मास्तरांनी टेबल हलू नये म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरलं. ताईच "चार" म्हणाली आणि टेबलाला धरून उठायला लागली.