एका ओळीचा अर्थ

परळीत पुस्तक उघडण्यापूर्वी पुसावे लागते. दारे लावली तरी औष्णिक केंद्राची राख आत येते आणि मुखपृष्ठावर बसते. कौशल्याबाई ती पदराने पुसत, पुस्तक पोथीच्या चौरंगावर ठेवत, हात जोडत आणि मगच पान उलटत. श्रावणात गल्लीतल्या देवळात पोथी त्याच वाचत, अर्थही त्याच सांगत. पोथीचा नेम त्यांनी वाचनालयातल्या कादंबऱ्यांनाही लावला होता: अक्षर बदलायचे नाही, आणि उघडलेले पुस्तक अर्धवट ठेवायचे नाही.

या दुसऱ्या नेमाने त्यांना फार छळले. ऊसतोडीवरची एक कादंबरी बरी होती. फडावरच्या पाचटाच्या कोपीत बाळंत होणाऱ्या बाईचे पान वाचताना त्यांनी डोळ्यांना पदर लावला. पण पुढे लेखकाला त्या दुःखाची चटकच लागली. बाईला मार, पुन्हा मार, शेवटी विहीर! सबंध पुस्तकात ती माउली एकदाही हसत नाही. दुसऱ्याच्या जखमेवर पाट मांडून जेवणारा हा कोण, अशी शिसारी आली त्यांना. मग एका निवृत्त अधिकाऱ्याच्या आठवणी. भाषा निवडलेल्या तांदळासारखी. दुष्काळाचे प्रकरण तर त्यांनी परत वाचले. परंतु हा गृहस्थ जन्मात एकदाही चुकला नाही! आईसाठी पानोपानी रडला, आणि बायको? अर्पणपत्रिकेत नुसते ‘सौ.’

“सौ. म्हणजे कोण रे बाबा?” कौशल्याबाई एकट्याच ओरडल्या होत्या. त्या पुस्तकाला हात लावला की हात धुवावेसे वाटत. तरी वाचनालयात परत देताना म्हणाल्या, “बरं आहे.” शारदेचा अपमान त्यांच्याने होत नसे.

अशात धाकट्या भावाचे, अर्जुनरावांचे आत्मकथन छापून आले. शिरूर कासारचा हा पोरगा आता साखर कारखान्याचा संचालक. रविवारी प्रकाशन, आणि बोलायला कौशल्याबाई. त्यासाठी थोरली बहीण शिवकन्या आदल्या दिवशीच परळीला आली. धाकटी दोघे शाळेत जावीत म्हणून तिला शाळेत घातलेच नव्हते. आईबापाबरोबर ऊस तोडून तिने त्यांना शिकवले. तिला अक्षर येत नव्हते.

पिशवीतून नवे लुगडे काढून तिने मांडीवर ठेवले. “कौसे, हे नेसते उद्या. आता माझं कुठं लिवलंय ते काढ.”

कौशल्याबाईंनी पुस्तक आधीच संपवले होते. तेही बरे होते. आईच्या भाकरीचा वास पानातून येत होता, पहिल्या निवडणुकीची फजिती वाचून त्या पोट धरून हसल्या होत्या. पण आक्कासाठी त्यात एकच ओळ होती. धवळ्या बैलाला मात्र अडीच पाने. आपल्याच रक्ताची किळस यावी, हे काय दुर्दैव, पांडुरंगा!

“कावून थांबलीस गं? वाच की.”

जिभेवर एक सुंदर पान तयार होते. रचून म्हटले असते तर आक्काला कुठे कळणार होते? पण हात चौरंगावरच्या पुस्तकावर होता. त्यांनी वाचले, “घरी दोन बहिणी होत्या.”

“फुडं?”

“फुडं बैलाचं हाय.”

“धवळ्या?” शिवकन्या खळखळून हसली. “लई गुणाचा व्हता बाई. आन् दोन म्हणलंय न्हवं? एक म्हणला असता तर भांडले असते.” मग तिने लुगड्याची घडी मोडू न देता ते पिशवीत परत घातले. “उद्या काई म्या येत न्हाई. गुडघा दुखायलाय.”

“गुडघा आत्ताच दुखायला लागला व्हय? यावंच लागंल, आक्का. वाचलं तेवढं ऐकलंस. अर्थ कुठं ऐकलास?”

रविवारी मंगल कार्यालयात हारतुरे झाले, स्तुती झाली. कौशल्याबाई उठल्या, त्यांनी पदराने पुस्तक पुसले. “भावानं पुस्तक बरं लिहिलंय. भाकरी आवडली, निवडणूक आवडली. एका जागी मात्र मला ओकारी आली.” सभा हसता हसता थांबली. “तीच ओळ वाचते. ‘घरी दोन बहिणी होत्या.’ आता अर्थ ऐका. दिवाळी झाली की थोरली घरी कुठं असायची? ती फडात. अंगावर पाचट, डोक्यावर मोळी. घरी दिवा होता, दिव्याखाली मी होते, हा अर्जुन होता. आणि त्या दिव्यात जळत होती, ती माझी आक्का!”

“ताई, आवरतं घे,” अर्जुनराव पुटपुटले.

“अर्थ चालू असताना मधी बोलू न्हाई, अर्जुना. बस.” त्या पुन्हा सभेकडे वळल्या. “तिची टोळी साताऱ्याला जायची...”

“कौसे, गप की!” तिसऱ्या रांगेतून शिवकन्येचा आवाज आला. नवे लुगडे नेसून ती अर्धवट उठली होती. “लोकं बघायलेत.” मग तिलाच राहवेना. “आन् सातारा न्हवं! सांगलीकडं गेलतो आमी. सांगायलीस तर नीट सांग.”

पोथीत चूक झाली की ओवी पुन्हा पहिल्यापासून वाचायची असते. कौशल्याबाईंनी हात जोडले आणि पुन्हा सुरुवात केली, “घरी दोन बहिणी होत्या.”