एकीचे पाय वर, एकीचे खाली

डॉक्टरांनी एकाच सकाळी दोन कागद लिहिले. माझ्या कागदावर होतं, पाय वर ठेवणे. सासूबाईंच्या कागदावर, पाय खाली ठेवणे. बत्तीस वर्षांच्या संसारात आमच्या घरातली व्यवस्था याच्या बरोबर उलट चालत आली होती.

दसरा झाल्यावर आम्ही दोघी अमरावतीहून अकोल्याला गेलो होतो. डॉक्टर अमरावतीतही आहेत, पण सासूबाईंचं गाव पातूरकडचं, आणि हुशार माणूस अकोला सोडून राहायला जात नाही असं त्यांचं मत आहे. हे डॉक्टर रक्तवाहिन्यांचे. माझं दुखणं शाळेतलं. एकतीस वर्षं फळ्यापाशी उभी राहिल्याने पोटऱ्यांवर निळ्या शिरा फुगल्या होत्या, संध्याकाळी घोट्यावर सूज यायची आणि तिथली कातडी काळपट पडली होती. सासूबाईंना साखर, शिवाय साठ वर्षांची तंबाखू. गल्लीच्या टोकाच्या किराणा दुकानापर्यंत चाललं की त्यांच्या पोटरीत गोळा यायचा, दोन मिनिटं उभं राहिलं की जायचा. लोकांच्या घरांत डोकवायला त्या थांबतात असा आमचा समज होता.

डॉक्टरांनी प्रेशरचा पट्टा आधी हाताला बांधला, मग पायाला.

"पायाले बी प्रेशर असते?" सासूबाईंनी विचारलं.

असतं, आणि त्यांचं फार कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, "मॅडमच्या पायातलं रक्त वर परत यायला कंटाळतं. आजींच्या पायात ते खाली पोचतच नाही. म्हणून मॅडमनी पाय उचलून ठेवायचे. मागे टेकून चालवायची सायकल मिळते, ती घ्या. आजींनी पाय खालीच ठेवायचे. रोज चालायचं, दुखलं की थांबायचं, पुन्हा चालायचं."

मी शाळेतल्यासारखी मान हलवत होते. समजलं मात्र सासूबाईंना.

"म्हंजे हिच्या वावरात पाणी तुंबलं," त्या म्हणाल्या, "अन् माह्या शेवटच्या सरीले पोचून नाई राह्यलं."

डॉक्टर म्हणाले, अगदी बरोबर. मग त्यांनी सासूबाईंच्या उजव्या पायाचा अंगठा दाबून पाहिला आणि माझ्याकडे वळून सांगितलं की ही शेवटची सरी. गार पडली, रंग बदलला, तर त्याच दिवशी घेऊन या. उशीर झाला तर अंगठा काढावा लागतो.

येताना मुर्तिजापूरला चहा प्यायला उतरलो. सासूबाईंनी चप्पल काढून तो अंगठा बराच वेळ पाहिला. "चिखलात हाच रोवून चालली मी जलमभर," त्या म्हणाल्या. "हा नाई जाऊ द्याचा, सांगून ठेवतो तुले." मी हो म्हटलं आणि दोन्ही कागद पर्समध्ये ठेवले.

सायकल मुलीने मागवून पाठवली. आरामखुर्चीत रेलल्यासारखं बसायचं आणि पॅडल पुढे, बसायच्याच उंचीवर. नवऱ्याने ती दोन दिवसांत जोडली. तीन नट उरले. जास्तीचे दिले असतील म्हणून त्याने ते वाटीत ठेवले, ती वाटी अजून टीव्हीखाली आहे.

मग ती ठेवायची कुठे, हा प्रश्न आला. साध्या सायकलवर पाय जमिनीकडे असतात, त्यामुळे कुणाचा अपमान होत नाही. हिच्यावर बसलं की तळवे समोर जे असेल त्याला दाखवावे लागतात. आमच्या बैठकीत पूर्वेला देवघर आहे. दक्षिणेकडे पाय मेल्यावर करतात. उत्तरेला दार, म्हणजे येणाऱ्या पाहुण्याला आधी माझे तळवे दिसणार आणि मग मी. राहिली पश्चिम. तिथे दिवाण, दिवाणावर सासूबाई आणि त्यांच्या डोक्यावर भिंतीवर हार घातलेले सासरे. नवऱ्याने सायकल मधोमध ठेवून चारही दिशांना फिरवून पाहिली. शेवटी तो म्हणाला की देव कोपला तर कळत नाही, पण आई निदान तोंडाने सांगते. सायकल पश्चिमेकडे तोंड करून बसली.

लग्न झाल्यापासून मी सासूबाईंसमोर पाय लांब करून बसले नव्हते. बाळंतपणात नाही, गुडघा मुरगळला तेव्हा नाही. कुणी मनाई केली नव्हती. आमच्याकडे ज्या गोष्टींची मनाई कुणी करत नाही, त्या सर्वात कडक पाळल्या जातात. पहिल्या दिवशी मी दुपारी तीनला सायकलवर बसले, पाय वर घेतले आणि वीस मिनिटं त्यांच्याकडे न बघता पॅडल मारत राहिले. सासूबाई टक लावून बघत होत्या.

"टाचा फुटल्या तुह्या," त्या शेवटी म्हणाल्या. "तेल लावत जाय वं मास्तरीण."

तेवढ्यावर सगळं निभावलं असतं. पण भाऊबीजेला चांदूर रेल्वेहून नणंद आली. मी सायकल संपवून, स्टुलावर उशी आणि उशीवर पाय अशी पडले होते. सासूबाई दिवाणाच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून बसल्या होत्या. नणंदेने दोघींकडे पाहिलं आणि आईला म्हणाली, "काय वं माय, वयनीचे पाय गादीवर अन् तुहे पाय अधांतरी? जमाना बदलला बाप्पा."

लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे लेकच बोलली, आणि मला लागायचं ते लागलं. ती गेली त्या दुपारी मी सासूबाईंना दिवाणावर आडवं केलं आणि त्यांच्या पायांखाली दोन उशा ठेवल्या. माझ्या पायांखाली एक होती, म्हणून त्यांच्या दोन. पुढे माझी सूज उतरेना म्हणून मी दुसरी उशी घेतली, तेव्हा त्यांच्या पायांखाली लोड आला. कागद पर्समध्येच होता. पण कागदावरचं "खाली" म्हणजे रात्री झोपताना खाली, दुपारी तासभर वर ठेवले तर काय होतं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. प्रत्येक परीक्षेत मुलांना "सूचना नीट वाचा" असं बजावणारी ती मीच.

सासूबाई झोपल्या की त्यांचा उजवा पाय हळूच लोडावरून घसरायचा आणि दिवाणाच्या कडेवरून खाली लोंबायचा. मी तो उचलून परत वर ठेवायची. दहा मिनिटांनी पुन्हा खाली. मला वाटायचं, हट्ट आहे. या बाईने आयुष्यात माझं एक ऐकलं नाही, आता पायसुद्धा ऐकत नाही. एकदा मी पाय उचलताना त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "कळ मारून राह्यली वं."

"सवय होईल," मी म्हटलं.

एरवी या बाई वरणात मीठ कमी पडलं तरी तीन दिवस बोलतात. पायाबद्दल त्या पुन्हा बोलल्या नाहीत. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मला बरं वाटत होतं. मी पाय वर घेऊन पडायची आणि माझ्यापेक्षा चार बोटं वर त्यांचे पाय असायचे, मोज्यांत गुंडाळलेले. घरात सगळं पुन्हा जागच्या जागी आल्यासारखं वाटायचं.

संक्रांतीला सकाळी त्यांची अंघोळ झाली होती, पायांत मोजे नव्हते. मी तिळगुळ दिला आणि नमस्काराला वाकले. माझा नमस्कार कसा असतो ते सांगायला हवं. बोटं पायांच्या दिशेने न्यायची, वीतभर वर थांबवायची आणि परत कपाळाला लावायची. बत्तीस वर्षांत सणासुदीला केलेले सगळे नमस्कार असेच, वरच्या वर. सासूबाईही "सुखी राह्य" असं वरच्या वरच म्हणायच्या. दोघींनाही त्यात काही कमी वाटत नव्हतं. पण त्या दिवशी त्यांच्या हातातून तिळाचा लाडू सुटला आणि दिवाणाखाली गेला. तो काढायला मी हात घातला, आणि माझं मनगट त्यांच्या अंगठ्याला लागलं.

अंगठा माठाच्या तळासारखा गार होता. मी खाली वाकून पाहिलं. तो पांढरा पडला होता आणि नखाच्या टोकाशी जांभळा डाग होता, जांभळाच्या बीएवढा. मी लाडू तिथेच सोडला. अडीच महिने त्या पायांना रोज उचलून ठेवत होते, पण मोज्यावरून, घोट्याला धरून. अंगठ्याला हात म्हणून लागलाच नव्हता. तुळशीच्या लग्नाला, दत्तजयंतीला, एकदा जरी नीट टेकून नमस्कार केला असता तर आधीच कळलं असतं. मला लाज वाटली. पाय धरूनच मी नवऱ्याला हाक मारली.

दुपारी आम्ही अकोल्यात होतो. डॉक्टरांनी पाय उचलून धरला तेव्हा तो डोळ्यांदेखत आणखी पांढरा झाला, खाली सोडला तेव्हा हळूहळू लालसर झाला. मग त्यांनी विचारलं, पाय वर कोण ठेवत होतं?

मी तोंड उघडलं. त्याआधी सासूबाई बोलल्या.

"म्याच सांगलं तिले उशा ठेव म्हून. हिचं पाहून मले बी वाटलं. हिचं काही नाई त्याच्यात."

डॉक्टर त्यांना रागावले. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला त्यांनी लहान पोरीला झापावं तसं झापलं, आणि त्या खाली मान घालून "हो बाप्पा, चुकलं" म्हणत राहिल्या. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. तेव्हा मी खरं सांगितलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

मांडीपाशी सुई घालून, नळीत फुगा फुगवून डॉक्टरांनी वाट मोकळी केली. अंगठा राहील की जाईल, हे दोन आठवड्यांत कळेल असं म्हणाले. चार दिवसांनी सुट्टी मिळाली. येताना मुर्तिजापूरला गाडी थांबली, नवरा चहा आणायला गेला, तेव्हा मी विचारलं, "आई, दुखत होतं तर मला सांगितलं का नाही?"

"सांगलं तर व्हतं एकडाव."

"मग पुन्हा का नाही?"

त्या काचेतून बाहेर बघत होत्या. "तू कधी कोनाच्या सांगण्यावरून बी माह्या पायाले हात लावला? सोताहून लावून राह्यली व्हती. रोज. मंग नको कशी म्हनू मी?"

नवरा चहा घेऊन आला आणि त्याने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, चहात साखर नको म्हणून सांगत होते.

दोन आठवड्यांनी नख गळून पडलं. अंगठा राहिला. मी डॉक्टरांना फोन करून उशांचं खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "माहीत होतं मला. स्वतःचा पाय एवढा वर उचलून लोडावर ठेवायचं आजींचं वय आहे का?"

आता दुपारी तीनला मी सायकलवर बसते. सासूबाई समोर खुर्चीत, पाय खाली, पायांत मऊ चप्पल. लोड आणि दोन्ही उशा माझ्या स्टुलावर आल्या आहेत, त्यांनीच फेकल्या. सायकल संपवून मी पाय वर घेतले की त्या उंची बघतात. "अजून वर घे," म्हणतात. "लाजून नको राहू. पाय हायेत, तोंड नाई." माझी सूज निम्मी उतरली आहे. मध्यंतरी नणंद पुन्हा आली, तिने तोंड उघडलं, आणि सासूबाईंनी तिला पातूरच्या पावण्यांचं विचारायला सुरुवात केली.

आणि रोज सकाळी मी नमस्कार करते. सण असो नसो. खाली बसते, चप्पल काढते आणि दोन्ही तळवे त्यांच्या पायांवर टेकते. मग उजवा अंगठा मुठीत धरते आणि ऊब येते का ते बघते. थंडीच्या दिवसांत याला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात त्या आशीर्वाद द्यायच्या, एकदा, दोनदा. आता आशीर्वाद संपतात तरी मी उठलेली नसते.

"अवं झाला नं नमस्कार," त्या म्हणतात. "सोड आता."

"थांबा आई," मी म्हणते. "पाहून राह्यली."