टिंगूमामांनी न वाचलेली चिठ्ठी

लहानपणी मला सगळ्यात जास्त भीती ज्या माणसाची वाटायची, तो आज सकाळी गेला.

आमच्या उदगीरचा जोकर. टिंगूमामा.

खरं नाव काशिनाथ. चौकात कटलरीचं दुकान. बांगड्या, टिकल्या, रिबिनी. भावाचा मेसेज आला आणि मी नांदेडहून मिळेल ती बस पकडली. चार वाजता नेणार आहेत. बसमध्येच बसून लिहितेय, त्यामुळे चुका सांभाळून घ्या.

दर रविवारी दहाला गावच्या केबलवर मामांचा कार्यक्रम लागायचा.

स्टुडिओ म्हणजे पिठाच्या गिरणीवरची एक खोली. मामा बोलायचे आणि खालून गिरणीची घरघर. तोंडाला दुकानातलीच पावडर, नाकाला दुकानातलीच लिपस्टिक. एवढी पावडर फासूनही कपाळावरचे विभूतीचे पट्टे दिसायचेच.

यात घाबरण्यासारखं काय, असं वाटेल. सांगते.

केबल ऑफिसच्या दाराशी पत्र्याचा एक डबा होता. आईबापांनी त्यात चिठ्ठी टाकायची. पोराचं नाव, वर्ग आणि तक्रार. दूध पीत नाही. नखं खातो. मामा ती टीव्हीवर वाचणार, डोळे वटारून दम देणार, आणि अख्खं गाव ऐकणार.

आईबाप खूश. आम्ही पोरं गार.

आमच्या वर्गातल्या एकाचं आलं होतं, "माती खातो." सोमवारी शाळेत तो मात्या झाला. दहावीपर्यंत मात्याच राहिला.

आणि माझी तक्रार मातीपेक्षा वाईट होती.

तीनदा लिहून खोडलं. आता लिहितेच. मी चौथीत होते तरी अंथरूण ओलं करायचे.

रोज सकाळी गादी गच्चीवर वाळत घालताना अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "टाकू का चिठ्ठी मामाला?"

त्यांचं एक वाक्य. माझा आठवडा त्यातच जायचा.

रविवारी टीव्हीसमोर सगळ्यांच्या मागे, दाराजवळ बसायचे. नाव आलं तर पळता यावं म्हणून. पळून जाणार कुठे, ते ठरलेलं नव्हतं.

लोडशेडिंग व्हावं म्हणून देवाला हात जोडणारी गावात मी एकटीच असेन.

आणि एका रविवारी आलं.

"चौथी ब मधली शिल्पा कोण हाय रे?"

माझे कान बंद झाले. खरंच. गिरणीचा आवाजसुद्धा ऐकू येईना. शेजारच्या काकू, त्यांची दोन पोरं, आमची आई, सगळे वळून माझ्याकडे बघत होते.

मामांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली.

"शिल्पाला सतराचा पाढा धडधडा येतो म्हणं. आपल्याला तर बाराच्या पुढं जमंना. शाब्बास बाई."

पुढची चिठ्ठी.

मला सतराचा पाढा येत नव्हता. तेराचाही धड येत नव्हता.

मग नवीनच धास्ती. मामांनी रस्त्यात गाठून विचारलं तर? महिनाभर रडत रडत सतराचा पाढा पाठ केला. शाळेत बाईंनी म्हणायला लावला, टाळ्या पडल्या.

गादीचं पुढे वर्षभरात आपोआप थांबलं. भीती थांबली नाही.

कॉलेजात गेले तरी त्यांच्या दुकानावरून जायचे नाही. मैत्रिणी तिथून बांगड्या घ्यायच्या, मी कोपऱ्यावर उभी. माझ्या मनात पक्कं होतं की चिठ्ठीत काय होतं ते ह्या माणसाला ठाऊक आहे.

आज बसमधून अप्पांना फोन केला. हसत हसतच म्हटलं, "अप्पा, तुम्ही चिठ्ठीचा नुसता धाक दाखवायचात ना हो?"

अप्पा हसले नाहीत.

"दोनदा टाकलो बाळा. औषधाला गुण येईना. म्हटलं, लेकरं त्याचं ऐकतेत."

"मग वाचली का नाही त्यांनी?"

"तेच विचारायला दुकानात गेलो. तर दोन्ही चिठ्ठ्या माझ्या हातात वापस दिला. म्हणला, अप्पा, ही मी वाचणार न्हाई. मागं एका लेकराचं मातीचं वाचलो, पोरं अजून चिडवून राहिलेत त्याला. मला झोप न्हाई. हिचं वाचलो तर उद्या शाळेत कशी जाईल ही?"

"मग?"

"मी म्हटलो, निदान नाव तरी घे, जरा वचक बसंल. म्हणला, नाव घेतो. पण कोरी चिठ्ठी धरून सांगतो दुसरंच."

मग अप्पा म्हणाले, "चुकलंच गं माझं."

अप्पांवर रागवावं तर ते ऐंशीला आलेत.

तीन वर्षांपूर्वी उदगीरच्या स्टँडवर मामा दिसले होते. थकलेले, हातात पिशवी. माझ्या मुलाला बघून त्यांनी नाक दाबलं आणि गाल फुगवले. तो खुदकन हसला.

मी त्याचा हात धरून त्याला ओढत दुसऱ्या फलाटावर नेलं. लांबून बघितलं तर मामा अजून गाल फुगवूनच उभे होते, कुणी नव्हतं समोर.

"कोण होते ते?" मुलाने विचारलं.

"कुणी नाही," म्हटलं मी.

आज राहून राहून तेवढंच आठवतंय. फार लाज वाटतेय.

बस कंधारला अर्धा तास उभी आहे. पुढे रस्ता खोदलाय म्हणे. कंडक्टरला तीनदा विचारलं, तो म्हणतो, "ताई, उडवू का आता गाडी?"

भावाला फोन केला की थोडं थांबवा. तो म्हणाला, कसं थांबवणार, लिंगायतांत नेतात तसं खुर्चीत बसवलंय, विभूती लावलीय, भजनही सुरू झालंय. त्याने फोटो पाठवलाय. उघडायचा धीर होईना.

पावणेचार झालेत. मी पोचत नाही, मामा.

माझी चिठ्ठी आज मीच वाचली, सगळ्यांसमोर. तुम्ही कुणाला सांगितली नव्हतीत, एवढं लोकांना कळावं म्हणून.

कंधारच्या स्टँडवरूनच नमस्कार करते. सावकाश जा.