पाचोळ्यातलं गरम पाणी

माझी मामी एका मोठ्या सार्वजनिक बागेत माळीकाम करायची. बागेत चारशेच्या वर झाडं होती आणि थंडी पडली की सगळी एकदम पानं टाकायची, जणू आपसांत ठरवूनच. मग मामी आणि तिच्या पाच मैत्रिणी लांब दांड्याचे झाडू घेऊन दिवसभर पाचोळा लोटत बसायच्या. मामी सगळ्यांत जास्त लोटायची, म्हणून तिचं नाव पडलं होतं पाचोळाबाई. तिला ते नाव फार आवडायचं. कुणी विसरून नुसतं 'बाई' म्हटलं तर ती मागे वळूनसुद्धा बघायची नाही.

कामाचा त्रास तिला नव्हता. त्रास होता पाण्याचा. अवजारांच्या शेडमागच्या नळाचं पाणी थंडीत इतकं गार असायचं, की हात धुतल्यावर बोटं जागेवर आहेत की नाहीत हे मोजून बघावं लागायचं. सहाही जणींच्या हातांना भेगा पडायच्या. बागेच्या साहेबांकडे गिझर मागून झाला होता. साहेब म्हणाले होते, "बघू." ते गेली चार वर्षं बघत होते.

एका सकाळी कुंपणापाशी साचलेला ढीग उपसताना मामीनं आत हात घातला आणि किंचाळलीच. बाकीच्या धावत आल्या, त्यांना वाटलं साप. पण मामीनं हात बाहेर काढलाच नाही. उलट दुसराही घातला, मग कोपरापर्यंत घातले आणि डोळे मिटून म्हणाली, "बायांनो, आत उन्हाळा आहे!"

दहा मिनिटं सहा जणी ढिगात हात खुपसून उभ्या होत्या. नेमके त्याच वेळी साहेब फेरीला आले. "हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं. मामी म्हणाली, "चहाची सुट्टी आहे साहेब. चहा तेवढा नाही."

माझा मामा प्लंबर. संध्याकाळी तो बूट काढायच्या आतच मामीनं त्याला दारात गाठलं. "अहो, तुमच्याकडे काळा पाईप किती आहे? तो ढिगात गुंडाळून ठेवायचा. एका टोकानं गार पाणी घालायचं, दुसऱ्या टोकानं गरम काढायचं."

मामा पाच मिनिटं हसला. मग हसता हसता थांबला, छताकडे बघत राहिला आणि न जेवताच कागद-पेन्सिल घेऊन बसला. मामाचं असंच होतं. आधी हसायचा, मग त्याला त्याचंच वेड चढायचं.

रविवारी दोघांनी शेडमागे पुरुषभर उंचीचा ढीग रचला, पोटात शंभर मीटर पाईपचं वेटोळं. मामीनं छान कोरडी, स्वच्छ, एकसारखी पानं वेचून घेतली होती. आठवडा गेला. ढीग गार तो गारच. मामा रोज येऊन तोटी उघडायचा, बोट लावायचा आणि मान हलवायचा.

शेवटी माझ्या आईला बोलावणं आलं. आई म्हणजे मामाची थोरली बहीण, शाळेत विज्ञान शिकवणारी. मी आईबरोबर गेले होते. तिनं ढिगाभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "पहिल्या गरम ढिगात पानांशिवाय काय होतं गं?"

"काही नाही ताई. यंत्रानं कापलेलं हिरवळीचं गवत होतं, ओलं. ते यात मुद्दाम घातलं नाही, घाण दिसतं."

"अगं, ती घाणच हवी!" आई म्हणाली. "आत जंतू आहेत, लाखो-करोडो. ही वाळकी पानं म्हणजे त्यांची नुसती कोरडी न्याहारी, सगळा कार्बन. हिरव्या गवतातला नायट्रोजन मिळाला तर त्यांची वाढ होते. आणि पाणी तर कुणालाही लागतंच."

मग तिनं ओल्या मातीत काडीनं रेघ ओढत सगळं समजावलं. झाड हवेतला कार्बन घेतं आणि उन्हाच्या जोरावर त्याचं पान करतं, म्हणजे पानात ऊन कोंडलेलं असतं. पान गळलं की जंतू ते खातात. कार्बन परत हवेत जातो आणि कोंडलेलं ऊन ऊब होऊन बाहेर पडतं. "कार्बन गोल गोल फिरत राहतो," आई म्हणाली, "ऊन मात्र एकदाच येतं, हातोहात पुढे जातं आणि शेवटी ऊब होऊन निघून जातं. रोज नवीन लागतं."

मामी आ वासून ऐकत होती. "म्हणजे मी झाडू मारते तेही ऊनच?"

"तू खाल्लेल्या अन्नातलं. हो."

"आणि साहेब आमच्यावर ओरडतात ते?"

"तेही."

"अरेरे," मामी कळवळून म्हणाली, "काय नासाडी!"

ढीग मोडून पुन्हा रचला, थर पानांचा, थर गवताचा, वर पाण्याचा शिडकावा. चौथ्या दिवशी आईनं शाळेतून आणलेला थर्मामीटर आत खुपसला. पारा बासष्टवर! मामानं तोटी उघडली. वाफाळतं पाणी आलं, चांगल्या दोन बादल्या. त्या सहा जणींनी तोंडं धुतली, पाय धुतले, एकीनं तर केससुद्धा धुतले. मामा मात्र भिजलेल्या बुटांत उभा राहून तोटीकडे असा बघत होता, जणू त्याला मुलगा झालाय.

दुसऱ्या सकाळी आम्ही सगळे पुन्हा ढिगापाशी जमलो होतो. थंडी कडक होती आणि ढिगातून वाफेचा पांढरा लोट निघत होता. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणीतरी तो पाहिला आणि बागेला आग लागल्याची खबर दिली. घंटा वाजवत बंब थेट शेडपर्यंत आला. चार जवान उतरले, होज ताणला. मागून साहेब धावत येत होते, एका पायात चप्पल.

मामी हात पसरून ढिगासमोर उभी राहिली आणि ओरडली, "पाणी मारू नका! आत माझी माणसं आहेत!"

बंबाच्या प्रमुखाचा चेहरा पांढराफटक पडला. "माणसं? आत? किती जण?"

"करोडो!" मामी म्हणाली.

मग मामा पुढे झाला, त्यानं तोटी उघडली आणि प्रमुखाला अदबीनं म्हणाला, "हात धुता का?"

प्रमुखानं जाड हातमोजे काढले, बोट लावलं, तळवा लावला आणि मग सरळ ओंजळीनं तोंडच धुतलं. "आमच्या ठाण्यावरसुद्धा गरम पाणी नाही हो," तो म्हणाला. मग चारही जवानांनी रांग लावली. मामी रांगेला शिस्त लावत होती आणि आई प्रत्येकाला कार्बन समजावून सांगत होती, कुणी विचारलं नसतानाही.

साहेबांनी दम घेत विचारलं, "कुणाच्या परवानगीनं? पाचोळा जाळायचा असा माझा लेखी हुकूम आहे!"

"जाळलात तर मला रोज इथे यावं लागेल," टॉवेल शोधत प्रमुख म्हणाला. "आणि आलो तर पाणी गार असेल. ढीग राहू द्या."

साहेब दुसरी चप्पल शोधायला गेले. सगळे पांगल्यावर त्यांनीही हात धुतले. सहा मिनिटं. मामीनं घड्याळ लावलं होतं.

ढीग थंडीभर तापत राहिला, मध्ये दोनदा उलथून ताजं गवत घातलं तेवढंच. थंडी संपेपर्यंत तो खचून कमरेइतका उरला. साहेब संशयानं म्हणाले, "अर्धा माल गेला कुठे?"

"हवेत गेला साहेब," मामी म्हणाली. "झाडं परत आणतील. त्यांना सवय आहे."

उरलेलं काळं, भुसभुशीत खत तिनं झाडांच्या बुंध्याशी पसरलं आणि प्रत्येक झाडापाशी वाकून कोवळ्या पालवीवर मोठी फुंकर घातली. मी म्हटलं, "मामी, हे काय गं?"

"माझ्याकडचा कार्बन देतेय," ती म्हणाली. पुढच्या झाडापाशी पोचेपर्यंत तिला इतकं हसू आलं की फुंकर निघेचना. मग मामाच पुढे झाला, त्यानं गाल फुगवले आणि फूऽऽ केलं.