काचेतला हेकरू

आमच्या कारखान्यातल्या एका साहेबांची बदली झाली आणि त्यांची माशांची काचेची पेटी माझ्या गळ्यात पडली. त्यांच्याकडे तिच्यात गोड्या पाण्यातले सोनेरी मासे असायचे. मी त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होते. बोईसरला भाड्याची दीड खोली, तिच्यात मी, बाबा आणि आता ही पेटी. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! पण हवेचा छोटा पंप लावून बघितला, बुडबुडे वर आले आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. हिच्यात समुद्राचं पाणी भरलं तर?

बाबांनी जन्मभर बोट चालवली. कंबर गेली, बोट विकावी लागली. आई त्याआधीच गेली होती, म्हणून मी त्यांना गावाहून बोईसरला आणलं. तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. समुद्र बसने जेमतेम अर्ध्या तासावर, पण जायचं नाव नाही. "बोट नाय तं दर्यावर जाऊन काय वाळू मोजू?" एवढं एकदा म्हणाले, मग तेही बोलणं बंद. माझा बाप असाच भिंतीकडे बघत संपून जाणार, ही भीती मला कामावरही सोडत नसे. पण खरं सांगते, पेटी मी त्यांच्यासाठी मांडली नाही. मला बघायचं होतं म्हणून मांडली.

पहिलं पाणी खाडीच्या तोंडाशी भरलं. प्रयोगशाळेत त्याची घनता मोजली तर ते निम्मं गोडंच! मग भरतीच्या वेळी नांदगावच्या किनाऱ्यावरून कॅन भरून आणायला लागले. एसटीचा कंडक्टर विचारायचा, "काय नेता रोज?" मी म्हणायची, "समुद्र." तो पुढचं तिकीट फाडायला वळायचा. पेटीच्या लोखंडी पट्ट्या खाऱ्या पाण्याने गंजल्या आणि पाणी चहासारखं दिसू लागलं. सगळं उपसलं, पट्ट्यांना आतून रंग दिला, वाळवून पुन्हा भरलं. पाणी आटायचं तशी मी समुद्राचंच भर घालायची, आणि खारटपणा वाढतच जायचा. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं, हे प्रयोगशाळेत रोज बघणाऱ्या बाईला घरी कळायला आणून सोडलेले शंखातले दोन खेकडे मरावे लागले. मग भर विहिरीच्या गोड्या पाण्याची घालू लागले.

शेवटी ओहोटीला खडकातल्या डबक्यात हेकरू माशाचं बोटाएवढं पिल्लू सापडलं. ते पेटीतल्या दगडामागे दडलं, डोळे तेवढे बाहेर.

एका दुपारी वीज गेली आणि पंप बंद पडला. मी कामावर होते. घरी आले तर बाबा पेटीपाशी स्टुलावर बसून लोट्याने पाणी काढत होते आणि उंचावरून परत पेटीत सोडत होते. हात भरून आला होता. "वरवर येऊन तोंड उगडत व्हता," म्हणाले. मी चहा टाकला.

त्यानंतर त्यांचं तोंड भिंतीकडून पेटीकडे वळलं. कोलंबी सोलून तिचे तुकडे तेच भरवू लागले. हेकरू हातभर नाही, पण वीतभर झाला. दुपारचा तो दगडाला टेकून, अंग कलतं करून पडायचा, रंग फिका व्हायचा. मी घाबरले तर बाबा हसले. "झोपलाय. कल्ला बग, हलतो." मग म्हणाले, "सगला जलम मासं मारलं, पन ते वरून पायलं, नायतर जाल्यात. मासा घरी कसा ऱ्हातो ते कदी पायलाच नाय गो."

मग एका रात्री उशिरा आत्या मुक्कामाला आली, बाबांची मोठी बहीण. पहाटे उठून पाट्या घेऊन बाजार गाठायची जन्माची सवय. आम्ही उठायच्या आत तिने पेटीत डोकावलं. हेकरू तळाशी आडवा, निपचित. आमच्यात न हलणारा मासा म्हणजे मेलेला मासा, आणि मेलेला मासा म्हणजे उन्हं चढायच्या आत चुलीवर. तिने हात घालून उचलला. हातात तो फडफडला म्हणे, पण जन्मभर मासे विकलेल्या बाईला त्यात काय नवल? ताजा निघाला म्हणून उलट खूश झाली.

आम्ही उठलो तेव्हा घरभर कालवणाचा वास होता. बाबांनी पेटी बघितली, मग टोप. आणि ओरडले. ज्याचा चढा आवाज मी विसरूनच गेले होते तो माझा बाप, बोटीवरून ओरडायचा तसा ओरडला. "झोपला व्हता तो, आका!"

"मासा कदी झोपतो काय?" आत्या म्हणाली.

"झोपतो!" बाबा म्हणाले आणि सांगतच सुटले. कसा कलतो, कसा फिका पडतो, कुठल्या बाजूला वळला की भूक लागलेली असते. आत्या हातात पळी धरून ऐकत राहिली. "मंग मला आदी दाखवायचा ना," ती हळूच म्हणाली. मला आत्याचा राग आला होता, पण बाबांचं बोलणं थांबू नये म्हणून मी गप्प राहिले. दुपारी तिघंही जेवलो. अन्न टाकत नाही आम्ही. बाबांनी काटा न् काटा चोखला आणि हात धुऊन विचारलं, "आज तिथ काय?"

"दशमी," आत्या म्हणाली.

"म्हंजे वोटी आताच हाय, पानी उतरलं असंल. चला."

शुक्रवार होता, कारखान्याची आठवड्याची सुट्टी. नांदगावला बाबा कमरेवर हात देऊन खडकांपर्यंत चालले आणि एका डबक्यात बघत पालथे पडले. आत्या शेजारी पालथी पडली. मी जाळी पुढे केली तर बाबांनी ती बाजूला सारली. "थांब, बगू दे तिला." पाणी पायाला लागलं तेव्हा मीच दोघांना उठवलं. मासा न घेताच बस पकडली.

बसमध्ये बाबा खिडकीशी बसले होते. मध्येच माझ्याकडे वळले. "उद्या वोटी जरा उशिरा हाय," म्हणाले. "तू जा कामावर. मी नि आका जातो."